फुर्टवेंगलरची खोकी : रेकॉर्डी डिजिटल करण्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

खोकी आली. दोन पुठ्ठ्याची, एक लाकडी. लाकडी खोक्यावर कधीकाळी कुणीतरी खडूने 'मोसंबी' लिहिलेलं, ते अजून अर्धं वाचता येतं. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची वेळ आली तेव्हा कुठे त्यांच्या मुलीने, ताईंनी, त्यांच्या खोलीला हात लावला.

ठरलं ते असं : सगळं संगणकावर उतरवायचं, ताईंना एक पेन ड्राइव्ह द्यायचा, आणि मूळ रेकॉर्डी एका वाचनालयाला जायच्या. पैशांचं बोलणं त्यांनी काढलं, मी चहावर ढकललं. माझी अट एकच, घाई करायची नाही. काकांचा प्लेअर माळ्यावर असावा असं त्या म्हणाल्या. माणूस बोलावून काढतील.

मोजदाद : एलपी ४१. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, ६, एकाच संचातल्या. ४१ पैकी २६ एकाच माणसाच्या, विल्हेल्म फुर्टवेंगलर. पुण्यात राहून, सवाई गंधर्वला न चुकता तीन रात्री बसणाऱ्या एका मेकॅनिकल इंजिनिअरने बर्लिनच्या एका कंडक्टरच्या २६ रेकॉर्डी जमवाव्यात, याचं मला दुपारभर नवल वाटत राहिलं.

११ नोव्हेंबर

यादी करायला घेतली. २६ पैकी १४ रशियन, मेलोदिया कंपनीच्या. लेबलावर सगळं रशियन लिपीत. ती मला येत नाही, पण दोन तास अक्षरं ताडून पाहिल्यावर 'फुर्तवेंगलेर' वाचता यायला लागलं. लेबलाच्या कडेला 'गोस्ट ५२८९-७३' असा शिक्का दिसला की तबकडी १९७३ नंतरची समजायची. ते सोव्हिएत मानकाचं वर्ष आहे. '६१' आणि '६८' वाल्याही निघाल्या.

या पुण्यात कशा आल्या हे ताईंना विचारायची गरजच नव्हती. ज्या रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनांतून आम्ही लहानपणी चकचकीत कागदांची गोष्टींची पुस्तकं आणि 'मीर'ची गणितं आणायचो, तिथेच एका टेबलावर रेकॉर्डी मांडलेल्या असायच्या. विलायती रेकॉर्डीच्या मानाने फुकटात.

आणि बर्लिनमधलं वादन रशियन लेबलावर कसं, तर ते असं. युद्धाच्या काळात जर्मन रेडिओ फुर्टवेंगलरचे कार्यक्रम चुंबकीय फितीवर टिपत होता. बाकीचं जग तेव्हा तबकडीवरच कोरत होतं. १९४५ मध्ये लाल सेनेने बर्लिन घेतलं तेव्हा मासुरेनअ‍ॅलीवरच्या रेडिओच्या इमारतीतल्या फिती मॉस्कोला गेल्या. तिथे त्यांच्या एलपी निघाल्या. १९८७ मध्ये काही फितींच्या प्रती पश्चिम बर्लिनच्या रेडिओला मिळाल्या, मूळ फिती १९९१ मध्ये परत आल्या. म्हणजे बर्लिनकरांना आपलंच संगीत बाहेरच्यांच्या तबकड्यांवर ऐकावं लागत होतं, तेव्हा काका ते पुण्यात, पंख्याखाली ऐकत होते.

१७ नोव्हेंबर

धुलाई. पावसाळ्याने बुरशी धरलीय, चौदाही रशियन रेकॉर्डींवर पांढुरके ठिपके. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग पुन्हा साधं डिस्टिल्ड. एलपीला थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. ७८ला नाही, कारण ती लाखेची. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि आवाज कापडावर येतो. एकदा केलंय हे, दुसऱ्या कुणाच्या तरी नाट्यसंगीतावर. अजून झोपेत आठवतं.

सुया तीन लावून ठेवल्या. ७८च्या खाचेला जाड, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुन्या मोनो एलपीला एक मिल. तिसरी बारीक, मोनोची सुई खाचेच्या झिजलेल्या भागातच चालली तर हिने थोडं खाली उतरून बघायचं. एका तबकडीला असा फरक पडतो की कुणीतरी खिडकी पुसली असं वाटावं. बाकीच्यांना काही नाही.

२३ नोव्हेंबर

पहिली उतरवली : बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, बर्लिन फिलहार्मोनिक, जून १९४३. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ.

आता मुख्य प्रश्न. ही रेकॉर्ड ज्या गतीने मी फिरवतोय ती खरी गती आहे का? फितीवरून दुसऱ्या फितीवर, तिच्यावरून साच्यावर, साच्यावरून तबकडीवर, आणि प्रत्येक टप्प्याला कुणाची तरी मोटर. एखादीही थोडी जलद-मंद असली की सूर आणि लय दोन्ही सरकले.

यावर एक नामी युक्ती असते. जुन्या मुद्रणात विजेचा गुणगुणाट उतरलेला असतो. बर्लिनची वीज ५० हर्ट्झची. तो गुणगुणाट आता ५१ वर सापडला, तर सगळं दोन टक्के जलद चाललंय हे सिद्ध.

संगणकावर आलेख काढला आणि खाली बघतो तर एक सुरेख सरळ रेघ. बरोब्बर ५०.० वर. म्हणजे तबकडी अचूक! रात्री साडेअकराला एका मित्राला फोन करून उठवलं.

२४ नोव्हेंबर

सकाळी सुई उचलली, तबकडी थांबवली, तरी रेघ आहे तिथेच आहे. बर्लिनची नव्हे, माझ्या घरातली वीज. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग सैल होतं.

वायर बदलली. रेघ गेली. तिच्याखाली बर्लिनची रेघ आहे का म्हणून बघितलं, तर काही नाही. आणि असती तरी १९४३-४४ मध्ये, बॉम्बहल्ल्यांत, तिथली वीज स्वतः ५० वर किती टिकत असेल देवच जाणे. मित्राने 'गुणगुण कशी आहे?' असा मेसेज पाठवलाय. उत्तर दिलेलं नाही.

१ डिसेंबर

नववी सिंफनी, मार्च १९४२. जुन्या फिलहार्मोनी सभागृहातली. बर्नबर्गर रस्त्यावरची ही इमारत मुळात स्केटिंग करायची जागा होती, १८८२ मध्ये तिचं संगीतसभागृह केलं. ३० जानेवारी १९४४ च्या बॉम्बवर्षावात ती गेली. म्हणजे या रेकॉर्डीत जे घुमतंय, भिंतींवरून परत येणारं, ती जागा पृथ्वीवर नाही.

उतरवताना काटे तांबड्यात जाऊ नयेत म्हणून सुरुवातीला पातळी कमी ठेवली होती, तरी पहिल्या भागातल्या एका ठिकाणी दचकलो. मुख्य विषय परत येतो तिथे टिंपनीचा जो गडगडाट आहे, तो माझ्या यंत्राने नाही, फितीनेच अर्धवट पेललाय. आवाज फाटतो. शेवटी ब्रुनो किट्टेलचा कोरस पूर्ण भरात असताना तर फाटतोच फाटतो. दुरुस्त करायचा प्रयत्नही करणार नाही. फाटलेला भाग गुळगुळीत करायला गेलं की कोरस कापसात गुंडाळल्यासारखा होतो, एकदा करून पाहिलं आणि फाइल पुसली.

तिसरा भाग वीस मिनिटांच्या घरात. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. तेव्हाचं मॅग्नेटोफोन यंत्र सेकंदाला ७७ सेंटिमीटर फीत ओढायचं. हजार मीटरच्या रिळावर साधारण पावणेबावीस मिनिटं बसतात. ७८च्या तबकडीला साडेचार मिनिटांत गाशा गुंडाळावा लागतो. या माणसाचा विलंबित पहिल्यांदा कुठल्या भांड्यात मावला असेल तर तो या रिळात.

संध्याकाळी ताईंना चार मिनिटांचा तुकडा पाठवला. उत्तर : "छान आहे. पण हे हिटलरसमोर वाजवलेलं ना? बाबा हे का ऐकायचे हो?"

हे नव्हे, पण फार लांबही नाही. हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १९ एप्रिल १९४२ ला, याच माणसाने हीच सिंफनी पुन्हा वाजवली. तिच्या शेवटाची चित्रफीत आहे : हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स पुढे येऊन हात मिळवतो, आणि मग फुर्टवेंगलरच्या हातात रुमाल दिसतो. तो हात पुसत होता की काय, यावर लोक आजतागायत भांडतात. १९३३ मध्ये त्याने ज्यू कलावंतांच्या बाजूने गोबेल्सला जाहीर पत्र लिहिलं, डिसेंबर १९३४ मध्ये, नाझींना नको असलेल्या हिंडेमिट या संगीतकाराच्या प्रकरणात, सगळी पदं सोडली. आणि तरी देश सोडला नाही, काही महिन्यांत पुन्हा व्यासपीठावर आला आणि जानेवारी १९४५ पर्यंत वाजवत राहिला. डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनला त्याची चौकशी झाली, त्यातून तो सुटला. पुढे शिकागोने देऊ केलेलं काम मात्र अमेरिकेतल्या कलावंतांच्या विरोधामुळे १९४९ मध्ये हातचं गेलं, आणि त्या विरोध करणाऱ्यांना मी तरी चूक म्हणणार नाही.

हे सगळं ताईंना मेसेजमध्ये कसं लिहायचं? "भेटल्यावर बोलू" लिहिलं.

१२ डिसेंबर

गुरुवार. सकाळपासून लाइट नाही, दुरुस्तीची कामं. लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के, ती वाचवून हाताने लिहितोय.

योगायोग म्हणजे आज ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचा नंबर होता. नुसत्या शेवटच्या भागाचा, कारण तेवढाच उरलाय. २३ जानेवारी १९४५, बर्लिन. सभागृह गेलेलं, म्हणून कार्यक्रम अ‍ॅडमिरालपालास्ट या नाट्यगृहात. मोत्सार्टची चाळिसावी चालू असताना, दुसऱ्या भागात, वीज गेली. लोक थांबले. तासाभराने वीज आली तेव्हा फुर्टवेंगलरने मोत्सार्ट तिथेच सोडला आणि थेट ब्राम्स घेतला. काही दिवसांत तो व्हिएन्नाला दोन कार्यक्रम करून सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला निघून गेला.

मोत्सार्टचे उरलेले दोन भाग का घेतले नाहीत? माझ्या मते त्यात गूढ काही नसावं. रात्र, थंडी, विमानं कधी येतील ते माहीत नाही. माणसं जे ऐकायला आली ते आधी वाजवून घ्यावं. पण असं सरळ कारण कुणाला आवडत नाही.

लाइट पाच वाजता आली. ब्राम्स उतरवला. शिंगांचा तो लांब स्वर येतो तिथे मागे कुणीतरी खोकतं. खोकला ठेवलाय.

२० डिसेंबर

आज गाडी अडली.

एरोइका, म्हणजे बेथोव्हेनची तिसरी. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डिसेंबर १९४४, म्युझिकफेराइनच्या सभागृहात, रेडिओसाठी. ही रशियन नव्हे. युरेनिया या अमेरिकन कंपनीने १९५३ मध्ये हिची एलपी काढली ती. फुर्टवेंगलरला पत्ता नव्हता. तो कोर्टात गेला आणि रेकॉर्ड बाजारातून उठली. त्यामुळेच जगभर तिचं नाव झालं. काकांच्या प्रतीला कव्हर नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

ही रेकॉर्ड चढी आहे हे जगजाहीर आहे. किती चढी ते कानाने बघू म्हणून बसलो. एरोइका ई फ्लॅटमध्ये, आपल्या भाषेत काळी दोन. सुरुवातीला दोन ठोके, आणि मग चेलो विषय मांडतात : सा ग सा प, सा ग प सा नी... आणि पुढे अनपेक्षित कोमल निषाद. सगळी सिंफनी त्या एका कोमल निषादाने तिरकी होते. तो जागेवर नसेल तर काय ऐकतोय आपण?

घरात पेटी नाही. फोनवरच्या ट्यूनरला वाद्यवृंदातला सा पकडता येईना, काटा वाऱ्यावरच्या झेंड्यासारखा. ज्यांच्या कानावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे त्यांना बोलवायचं ठरवलं.

२९ डिसेंबर

अण्णा आले. खालच्या मजल्यावर राहतात, वय ७९, आयुष्यभर नाटक मंडळ्यांना पेटीची साथ. पेटी घेऊनच आले, मी उचलायला गेलो तर "राहू दे, तू पाडशील."

एरोइका लावली. दोन ठोके पडले. अण्णांनी काळी दोन दाबली, तोंड वाकडं केलं. पांढरी तीन दाबली, पुन्हा वाकडं.

"हे मधेच कुठेतरी चिणलंय रे. दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीत."

मी प्लेअरची गती हळूहळू उतरवत गेलो. अण्णा काळी दोन धरून बसले, भाता चालू. एका क्षणी त्यांनी मान हलवली, मग म्हणाले, "अजून किंचित. हां. थांब." खूण केली.

मग दुसरा भाग लावला, अंत्ययात्रेचा. हा सी मायनर, म्हणजे पांढरी एक. अण्णांनी तो मंद्रात धरला आणि डोळे मिटले. पाच-सहा मिनिटं गेली. मग भुवया वर गेल्या.

"याची लय ओढतेय. तो ओढतोय का तुझं यंत्र ओढतंय?"

मी म्हटलं, हाच तर प्रश्न आहे, अण्णा. दोन महिने हाच सोडवतोय.

"त्यात काय सोडवायचंय? सुराकडे बघ की. यंत्र मंदावलं तर सूर बसेल. हा बसत नाहीये. लय जातेय आणि सूर जागेवर. म्हणजे माणूस." जरा ऐकून पुढे म्हणाले, "आणि काय माणूस आहे. मागे पडतो, सगळे त्याच्याबरोबर मागे पडतात, कुणी धडपडत नाही. आमच्या मंडळीतला तबलजी असता तर एव्हाना चार मात्रा पुढे जाऊन चहा पीत बसला असता."

मी फुर्टवेंगलरच्या हातवाऱ्याबद्दल सांगितलं, की त्याचा ठोका इतका थरथरता असायचा की नेमकं कुठे वाजवायला सुरुवात करायची यावर वादकांमध्ये विनोद चालत. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "ठोका दाखवायची गरज कुणाला असते? ज्यांचं एकमेकांकडे लक्ष नाही त्यांना."

मी हेडफोन लावून, आलेख काढून, वीज मोजून जे शोधत होतो ते एवढंच होतं. कंडक्टर लय बदलतो तेव्हा सूर हलत नाही, मोटर बदलते तेव्हा दोन्ही हलतात. पुस्तकात वाचलेलं होतं. पेटीच्या बोटाखाली ऐकलं तेव्हा कळलं.

जाता जाता त्यांनी ओबो या फुंकवाद्याच्या एका लांब स्वरापाशी पुन्हा बोट वर केलं. "इथे मात्र सूर झोके घेतोय. घड्याळासारखा. हा माणूस नव्हे."

४ जानेवारी २०२५

अण्णांचा झोका मोजला. दर १.८ सेकंदाला एक. ३३⅓ फेऱ्यांना एका फेरीचा वेळ तेवढाच. म्हणजे तबकडीचं मधलं भोक मध्यावर नाही.

बाजूला वाकून बघितलं तर सुईचा दांडा खरंच डावीकडे-उजवीकडे डुलत होता, भजनातल्या माणसासारखा. भोक साधारण अर्धा मिलिमीटर सरकलेलं. बाहेरच्या खाचांवर याचा फरक कमी कळतो, पण आत, मध्यापासून ६० मिलिमीटरवर, तो ०.८ टक्के वर आणि ०.८ टक्के खाली होतो. सेंटमध्ये (दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १००) सुमारे १४ वर, १४ खाली. लांब स्वरावर उघडा पडणारच.

उपाय जुना आणि जरा निर्दयी : गोल कानशीने भोक चिमूटभर मोठं करायचं आणि तबकडी हाताने मध्यावर आणायची. दुसऱ्याच्या रेकॉर्डीला कानस लावायची म्हणून ताईंना फोन केला. "बाबांनी केलं असतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंजिनिअर होते, केलं असतं. "मग करा."

तीन वेळा केंद्र लावलं. तिसऱ्यांदा दांडा स्थिर. ओबो सरळ.

११ जानेवारी

आता कुठल्या सुरावर थांबायचं ते.

अण्णांची पेटी ४४० ची, म्हणजे तिची पांढरी सहा ४४० हर्ट्झवर. पण व्हिएन्नाचा वाद्यवृंद ४४० ला लावत नाही. आजही ४४३ च्या आसपास, थोडा चढाच. म्हणून मी ४४३ धरला. अण्णांच्या खुणेपेक्षा १२ सेंट वर. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला त्यांची पट्टी ठाऊक, मला माझी."

शिवाय एक गुंता. युद्धातली यंत्रं ७७ सेंटिमीटरची, नंतरचं मानक ७६.२. जुनी फीत नव्या यंत्रावर लावली की एक टक्का मंद, १८ सेंट उतरती. म्हणजे कुठे चढलं, कुठे उतरलं, आणि एकाने दुसऱ्याला किती झाकलं, हा हिशेब एका तबकडीवरून लागणार नाही. सोडून दिला.

फरक किती पडतो ते मात्र नोंदवतो. पाव सुराने चढलं तर पंधरा मिनिटांचा भाग २५ सेकंदांनी आखडतो. युरेनियाची मूळ तबकडी ऐकून ज्या लोकांनी या वादनातल्या आगीचं कौतुक केलं, त्यांनी त्यातलं थोडं कौतुक मोटरचंही केलं. खाली आणल्यावर आग राहते, पण सुरुवातीच्या त्या दोन ठोक्यांना वजन येतं. मला हे आवडतं. वाद घालणारे सापडतील.

दोन फाइली : एक जशी तबकडी आहे तशी, हात न लावता. दुसरी ४४३ वर. दुसरीच्या नावातच आकडा, म्हणजे कुणी फसणार नाही.

१८ जानेवारी

७८चा संच. चायकोव्हस्कीची सहावी, बर्लिन, १९३८, एचएमव्ही. बारा इंची.

दर साडेचार मिनिटांनी तबकडी पालटायची. मुद्रण करतानाही तसंच : वाजवायचं, थांबायचं, नवीन मेण लावेपर्यंत बसायचं, पुन्हा त्याच तापमानाला उठायचं. जोडताना प्रत्येक सांध्याला कान लावला. दोन ठिकाणी लय हातभर पुढे-मागे सुरू होते, बाकी सांधे सापडतही नाहीत. हे जास्त कठीण काम आहे, आणि त्याला हे आवडत नसे हेही ऐकू येतं.

५० हर्ट्झच्या दिव्याखाली पट्ट्यांची चकती ठेवून, पट्ट्या स्थिर दिसेपर्यंत गती लावली. असं लावलं की ७८ नव्हे, ७७.९२ येतात, पट्ट्यांच्या संख्येला पूर्णांकच लागतो ना.

चौथ्या तबकडीला केसासारखी भेग. टिक, दर ०.७७ सेकंदाला. साडेचार मिनिटांत साडेतीनशे टिका. यांत्रिक सफाईने व्हायोलिनची धारही जाते, म्हणून हाताने काढतोय. आज ११० झाल्या. डोळ्यांपुढे अजून काळ्या रेघा नाचताहेत. खरखर ठेवतोय, पाऊस समजा.

२० जानेवारी

टिका संपल्या. एवढंच.

२५ जानेवारी

रेकॉर्डी पोचवायच्या आदल्या दिवशी ताई आल्या, आणि सोबत काकांचा प्लेअर. माळ्यावर सापडला, गाद्यांच्या मागे. लेन्को. या यंत्राला ठरावीक गतीची बटणं नसतात. शेजारी एक सरकता दांडा असतो, तो कुठेही थांबवता येतो. त्या दांड्याच्या पट्टीवर, ३३च्या आकड्याच्या जरा अलीकडे, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.

बेल्ट नाही, रबरी चाक आहे, ते कडक झालेलं. कोमट पाण्यात ठेवून, पुसून बसवलं. घरघर करत फिरायला लागलं. दांडा ठिपक्यावर आणला आणि युरेनियाची एरोइका ठेवली.

दोन ठोके. मग चेलो.

सूर मोजला. माझ्या ४४३ च्या फाइलपेक्षा १२ सेंट खाली.

"ताई, काकांना पेटी यायची?"

"छे. बाबांना काहीच वाजवता येत नव्हतं." मग जरा वेळाने, "आईची होती. भजनाची. ती वाजवायची आणि बाबा हा दांडा हलवत बसायचे, मला आठवतंय. मला वाटायचं दोघं खेळताहेत."

तो नेलपॉलिश कुणाचा, ते मी विचारलं नाही.

तिसरी फाइल केली. नाव दिलं : एरोइका, ४४०, ठिपक्यावर. पेन ड्राइव्हवर ती पहिली ठेवलीय. प्लेअर ताई घेऊन गेल्या, वाचनालयाला द्यायचा नाही म्हणाल्या.